पंचवीस हजारांची शाळा: छोट्या जिल्हा परिषद शाळेचा वर्षभराचा खर्च कसा सांभाळायचा

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कुठल्याही तालुक्याच्या पंचायत समितीत डोकावून बघा. शिक्षण विभागाच्या व्हरांड्यात चार-पाच मुख्याध्यापक फायली घेऊन ताटकळत असतात. एकाच्या बिलावर तारीख नाही. दुसऱ्याकडे सगळं आहे, पण शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची सही राहिलीय आणि अध्यक्ष पाहुण्यांच्या लग्नाला नगरला गेलेत. तिसऱ्याला आज सकाळीच कळलंय की शाळेच्या खात्याला लिमिट, म्हणजे खर्चाची मर्यादा, आलीय आणि ती तीन दिवसांत संपवायचीय. त्या व्हरांड्यात मीही बरीच वर्षं उभा राहिलोय. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात दोनशिक्षकी शाळांवर नोकरी झाली. आता निवृत्त आहे आणि आसपासच्या नव्या मुख्याध्यापकांना शाळेचं दप्तर, म्हणजे हिशेबाचे कागद आणि वह्या, लावून द्यायला जातो.

छोट्या शाळेला पैसा कमी पडतो हे खरंच आहे. पण मी जे जास्त वेळा पाहिलं ते असं, की पैसा येतो तेव्हा कागद तयार नसतो. म्हणून खाली जे लिहितोय त्याचा क्रम मुद्दाम उलटा वाटेल. कागद आधी, पैसा नंतर.

आधी कुठला पैसा आपला, ते ओळखा

नवीन अध्यक्ष निवडून आले की पहिला प्रश्न विचारतात, "सर, शाळेला वर्षाला किती येतात?" उत्तर द्यायला अवघड. कारण शाळेवर होणाऱ्या खर्चातला सगळ्यात मोठा भाग शाळेत कधी दिसतच नाही. शिक्षकांचे पगार शालार्थ प्रणालीतून थेट खात्यावर जमा होतात. पाठ्यपुस्तकं बालभारतीकडून तालुक्याला, तिथून केंद्रावर (आसपासच्या शाळांचा गट म्हणजे केंद्र) आणि केंद्रावरून शाळेत येतात. पोषण आहाराचा तांदूळ धान्यरूपात येतो. नवीन वर्गखोली किंवा मोठी दुरुस्ती असेल तर जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून किंवा जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या सेस फंडातून मंजूर होते, आणि ते काम बांधकाम विभाग करून घेतो. तिथे आपलं काम पत्र देणं, पाठपुरावा करणं आणि काम चालू असताना डोळे उघडे ठेवणं एवढंच.

आपल्या हातातून जाणारा पैसा चार वाटांनी येतो. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान, म्हणजे बोलीतली कंपोझिट ग्रँट. गणवेशाचे पैसे. पोषण आहारातला इंधन-भाजीपाल्याचा खर्च. आणि गावाकडून किंवा कंपनीकडून मिळणारी मदत. ग्रामपंचायतीचा निधी पाचवा म्हणता येईल, पण तो खर्च ग्रामपंचायत करते. आपण मागायचा असतो.

या चारींचा हिशेब वेगवेगळा ठेवायचा. गणवेशातले सातशे उरले म्हणून त्यात खडू घेतले, असं एकदा जरी केलं तरी लेखापरीक्षणात ते सातशे रुपये तुमचा पिच्छा सोडत नाहीत. ज्या कामाचा पैसा, त्याच कामाला.

पट म्हणजेच पैसा

संयुक्त अनुदान पटावर ठरतं. ३० पर्यंत मुलं असतील तर १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,००० आणि त्यापुढे १ लाख. आकडे नीट बघा. ३० मुलांच्या शाळेला माणशी ३३३ रुपये मिळतात आणि ३१ मुलांच्या शाळेला ८०६. एका मुलाच्या फरकाने १५,००० रुपये इकडचे तिकडे होतात. आमच्या डोंगरातल्या शाळांचा पट नेमका याच उंबरठ्यावर लटकलेला असतो.

याचा अर्थ खोटी नावं चढवा असा कुणी घेऊ नये. आधार जोडणीनंतर ते टिकतही नाही, आणि टिकलं असतं तरी करू नये. पण खरी मुलं सुटतात, त्यांच्याकडे लक्ष द्या. कातकरी वाडीतली दोन पोरं दिवाळीनंतर आईबापासोबत वीटभट्टीवर गेली म्हणून कुणीतरी त्यांची नावं कमी करून टाकतं. बारामती-इंदापूरकडे ऊसतोड कामगारांची मुलं हंगामात येतात आणि शाळेच्या हजेरीवर चढतच नाहीत. त्यांना शोधून दाखल करणं हे शिक्षण हक्क कायद्यानं आपलं कामच आहे. अनुदान त्याच्या मागून येतं. यू-डायस, म्हणजे शाळेची सगळी माहिती सरकारला देण्याचा ऑनलाइन अर्ज, भरताना एक संध्याकाळ राखून ठेवा, हजेरीपट समोर ठेवा आणि एकेक नाव ताडून बघा. शौचालय, हँडवॉश स्टेशन, वीजजोडणी या रकान्यांतही "आहे" लिहिताना ते चालू आहे का हे बघून लिहा. कागदावर शौचालय चालू असेल, तर दुरुस्तीचे पैसे मागताना साहेब तीच माहिती तुमच्यासमोर ठेवतात.

समिती आणि तिचा ठराव

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असायला हव्यात. अध्यक्ष पालकांतून, मुख्याध्यापक सचिव. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा याच समितीनं करायचा. कायदा चांगला आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी इतिवृत्ताची वही घरोघर फिरते आणि सह्या गोळा होतात. मीही सुरुवातीची काही वर्षं तेच केलं, कबूल करतो.

सोडलं ते एका प्रसंगानं. पाण्याची टाकी बसवली होती. बिल बरोबर, टाकी चांगली. पण बैठक न घेता सह्या घेतलेल्या. पुढे गावात दोन गट पडले आणि एका सदस्यानं ग्रामसभेत उभं राहून सांगितलं की मला यातलं काही माहीत नाही, सही माझी आहे पण वाचायला दिलं नव्हतं. तो खरंच बोलत होता. तीन महिने खुलासे लिहिण्यात गेले.

तेव्हापासून बैठक महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी. आमच्याकडे बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, शेतातून माणसं परतल्यावर. महिला सदस्य याव्यात असं वाटत असेल तर वेळ त्यांना विचारून ठरवा. सकाळी अकरा ही वेळ फक्त शिक्षकांच्या सोयीची. नोटीस आधी काढा, तिची पोच घ्या, मग बैठक. व्हॉट्सॲपवर टाकलं तरी चालतं असं म्हणतात, पण कागदावरची सही भांडणात उपयोगी पडते.

ठराव लिहिताना मोघम भाषा टाळा. "शाळेसाठी आवश्यक साहित्य खरेदी करण्यास मंजुरी देण्यात आली" हा ठराव नाही, ही पळवाट आहे. त्याऐवजी असं लिहा: "शाळेच्या उत्तरेकडील वर्गखोलीच्या छपराची फुटलेली कौले बदलणे व पत्र्याचे वॉशर बसवणे, अंदाजे खर्च ६,००० रुपये, संयुक्त शाळा अनुदानातून, अनुदान प्राप्त होताच करण्यास मंजुरी." सूचक आणि अनुमोदक यांची नावं खाली. त्यातले "अनुदान प्राप्त होताच" हे तीन शब्द फार मोलाचे आहेत. त्यांच्यामुळे जुलैतला ठराव फेब्रुवारीत कामाला येतो.

जुलैमध्ये शाळेभोवती एक फेरी

आराखडा टेबलावर बसून करू नका. भर पावसात समितीला घेऊन शाळेभोवती फिरा. कुठली भिंत ओली, कुठल्या खोलीत बादली ठेवावी लागते, मुलींच्या शौचालयाची कडी लागते का, नळाला पाणी किती वाजेपर्यंत असतं. आमच्या पट्ट्यात पाऊस असा कोसळतो की जुलैच्या एका आठवड्यात शाळेचे सगळे दोष आपोआप कळतात. मे महिन्यात तीच इमारत धडधाकट वाटते.

फेरी झाली की प्रत्येक गोष्टीपुढे दोनच गोष्टी लिहा: अंदाजे किती लागतील आणि कुणाकडून मागायचे. स्लॅबला तडे असतील तर ते आपल्या २५,००० मधलं कामच नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत बांधकाम उपविभागाला पत्र द्या आणि खोली धोकादायक असेल तर मुलांना तिथे बसवू नका. शौचालय आणि पाणी ग्रामपंचायतीकडे. कडी, नळ, फळा, बल्ब आपल्याकडे.

पंचवीस हजारांचा हिशेब

४२ मुलांची, चौथीपर्यंतची शाळा धरून चालू. अनुदान २५,०००. मी साधारण असा आराखडा मांडून देतो.

स्वच्छतेसाठी किमान १० टक्के राखायचेच असतात, म्हणजे २,५००: फिनेल, झाडू, साबण, वर्षातून दोनदा टाकी धुणं. वीजबिल महिना ४५० धरलं तर ५,४००. छप्पर आणि किरकोळ बांधकाम ६,०००. खडू, कागद, रजिस्टरं, अध्ययन साहित्य ४,२००. फळा रंगवणं आणि भिंतीवरचे तक्ते २,०००. इंटरनेटचं रिचार्ज महिना २०० प्रमाणे २,४००. नळ, वायरिंग, कुलपं १,५००. उरलेले १,००० हातचे, ज्याला कुठेही नाव द्यायचं नाही. बेरीज २५,००० होते.

आता खरी गंमत. अनुदान पुष्कळदा एकदम येत नाही, हप्त्यानं येतं, आणि दुसरा हप्ता येईलच याचा भरवसा नसतो. म्हणून हाच आराखडा १२,५०० चा असाही मांडून ठेवा. स्वच्छतेचे १,२५० आणि वीजबिलाचे ५,४०० गेले की हातात ५,८५० राहतात. छपराला ६,००० हवेत. म्हणजे छप्पर केलं तर वर्षभर खडूलाही पैसा नाही. हा पेच फेब्रुवारीत कळला तर काही करता येत नाही. जुलैत कळला तर ऑक्टोबरच्या ग्रामसभेत छप्पर किंवा वीजबिल ग्रामपंचायतीच्या पदरात टाकता येतं. दोन आराखडे करण्याचा सगळा खटाटोप एवढ्यासाठीच.

वीजबिलाचं एक सांगून ठेवतो. बिल हातात घेऊन त्यावरची वर्गवारी वाचा. सरकारी शाळांसाठी महावितरणची सार्वजनिक सेवांची वेगळी वर्गवारी आहे. जुन्या जोडण्यांवर क्वचित अजूनही वाणिज्यिक दर लागलेला सापडतो आणि वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. सापडलाच तर उपविभागीय कार्यालयात शाळेच्या लेटरहेडवर अर्ज द्या, सोबत यू-डायस क्रमांक आणि बिलाची प्रत जोडा. आणि थकबाकी साठू देऊ नका. मीटर काढून नेलं की नव्या जोडणीच्या खर्चात वर्षाची ग्रँट जाते.

खरेदी: तीन दरपत्रकं आणि एक टेम्पो

किरकोळ वस्तू एका पावतीवर चालतात. त्यापुढची रक्कम असेल तर तीन दरपत्रकं आणि तुलनात्मक तक्ता. ही मर्यादा परिपत्रकांनी बदलत राहते, म्हणून दर जूनमध्ये पंचायत समितीच्या लेखा शाखेत विचारून दप्तराच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवा. दरपत्रकं तीन वेगळ्या दुकानांची हवीत, एकाच हस्ताक्षरातली नकोत. हसू नका, लेखापरीक्षक पहिल्यांदा हेच बघतो.

कुठून घ्यायचं हा पुणे जिल्ह्यातला जुना वाद. अप्पा बळवंत चौकात वह्या, तक्ते, गोष्टींची पुस्तकं स्वस्त मिळतात, यात शंका नाही. पण डोंगरातल्या शाळेवरून पुण्याला जायचं म्हणजे एक सुट्टी, एसटीचं भाडं, आणि सामान जास्त असेल तर टेम्पो. दोन हजारांच्या सामानासाठी आठशेचा टेम्पो केला तर नसरापूरच्या दुकानदारानं लावलेले दोनशे जास्त परवडतात. केंद्रातल्या पाच-सहा शाळांनी मिळून एकदाच पुण्याला जायचं आणि बिलं मात्र प्रत्येक शाळेच्या नावानं वेगळी घ्यायची, हा मार्ग मला सगळ्यात सरळ वाटतो. केंद्रप्रमुखांना सांगा, शिक्षण परिषदेच्या दिवशी यादी गोळा होते.

बिल घेताना शाळेचं पूर्ण नाव, तारीख, बिल क्रमांक, दुकानाचा जीएसटी क्रमांक, नग आणि दर, सगळं तिथेच उभं राहून तपासा. "साहित्य, एकूण ३,२००" असं बिल घेऊन घरी येऊ नका. गवंडी किंवा सुताराला मजुरी दिली तर त्याची पावती घ्या. ५,००० च्या वर असेल तर १ रुपयाचं महसुली तिकीट लावून त्यावर सही. अंगठा असेल तर साक्षीदाराची सही सोबत.

पैसे देण्याची पद्धत आता बदलली आहे. समग्र शिक्षातला पैसा पीएफएमएस या सरकारच्या ऑनलाइन पैसे देण्याच्या प्रणालीतून जातो. शाळेच्या खात्यात शिल्लक शून्य दिसते, आणि खर्चाची मर्यादा वरून दिली जाते, तीच बोलीतली लिमिट. त्यामुळे पासबुक बघून "पैसे आलेच नाहीत" म्हणणारे बरेच गुरुजी भेटतात. लिमिट पोर्टलवर बघायची असते. दुकानदाराचं खातं आधी पोर्टलवर नोंदवावं लागतं, मग एक जण नोंद करतो, दुसरा मंजूर करतो, आणि निघालेलं पेमेंट ॲडव्हाइस मुख्याध्यापक व अध्यक्षांच्या सहीनं बँकेत जातं. घोळ होतो तो खाते क्रमांकात आणि आयएफएससी कोडमध्ये. बँका एकत्र झाल्यावर जुने कोड बाद झाले, पण दुकानदाराच्या छापील बिलावर जुनाच असतो. रद्द केलेला धनादेश किंवा पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मागून घ्या. आणि हे सगळं नोव्हेंबरमध्ये करा. मार्चअखेर पोर्टलचं चक्र फिरत राहतं आणि रात्री अकरा वाजता डोंगरावर रेंज शोधत फिरावं लागतं.

ओटीपी अध्यक्षांच्या मोबाईलवर येत असेल तर तो मोबाईल त्यांचाच आहे ना, हेही बघा. एका शाळेत तो माजी अध्यक्षांच्या मुलाचा निघाला. तो पोरगा तेव्हा चाकणला रात्रपाळीत होता.

गणवेश

मुलामागे दोन गणवेशांचे ६०० रुपये, म्हणजे एकाला ३००. यात शिलाईसकट बसवणं ही कसरत आहे. २०२४-२५ ला राज्यपातळीवरून कापड आणि बचत गटांकडून शिलाई असा प्रयोग झाला, पुढच्या वर्षी अधिकार पुन्हा समितीकडे आले. समितीकडे आहे तोवर एक करा: मापं स्वतः घ्या, आणि मोठी घ्या. पहिलीतली पोरं दिवाळीपर्यंत दोन बोटं वाढतात. वाटपाच्या नोंदवहीवर पालकांची सही, तारखेसकट. बाकी यात सांगण्यासारखं फार नाही.

पोषण आहार: इथे पैसा कमी, जोखीम जास्त

पहिली ते पाचवीला मुलामागे दररोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. अन्न शिजवण्याचा खर्च मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे आणि १० रुपये १७ पैसे असा आहे. यातला काही भाग डाळ, तेल, मसाल्याच्या रूपानं येतो, इंधन-भाजीपाल्याचा भाग शाळेला मिळतो. स्वयंपाकी तथा मदतनीस मावशींना महिना २,५०० मानधन. ते वेळेवर येत नाही, आणि मावशी मात्र रोज वेळेवर येतात. त्यांच्या मानधनाचं पत्रक दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पाठवणं हे मुख्याध्यापकाच्या हातात आहे. निदान आपल्या टेबलावर तरी ते अडकू नये.

तांदळाचा हिशेब सोपा आहे, म्हणूनच चुकतो. समजा महिन्यात २२ दिवस आणि सरासरी ३६ मुलं जेवली. ७९२ ताटं झाली, म्हणजे ७९ किलो २०० ग्रॅम तांदूळ. आरंभीची शिल्लक अधिक आवक वजा वापर, आणि उत्तर कोठीतल्या प्रत्यक्ष वजनाशी जुळलं पाहिजे. दर शनिवारी वजन करा. महिनाअखेरीला केलं तर तफावत कुठल्या दिवशी आली हे सापडत नाही.

आवक घेताना गोणी वजनकाट्यावर चढवल्याशिवाय पोच देऊ नका. माझ्याकडे एकदा ५० किलोच्या गोण्या आल्या. त्यातली एक सहज म्हणून तोलली, ४७ भरली. टेम्पोवाला म्हणाला, "गुरुजी, सगळीकडे असंच घेतात." मी पोचपावतीवर "प्रत्यक्ष वजन ४७ किलो" लिहून सही केली. तो तणतणत गेला, पण पुढच्या खेपेला गोण्या भरलेल्या आल्या. सही करण्याआधी लिहिलेल्या त्या चार शब्दांनी वर्षाचा तांदूळ वाचला. नाहीतर ती तूट आपल्या साठा नोंदवहीत आपण खाल्ली म्हणून दिसते.

हजेरीचा आकडा, जेवलेल्या मुलांचा आकडा आणि ऑनलाइन भरलेला आकडा हे तिन्ही एक असले पाहिजेत. डब्यातून आणणारं किंवा उपास करणारं मूल हजर असतं पण जेवत नाही. तेवढा फरक चालतो. गावात जत्रा असताना हजेरी शंभर टक्के दाखवली तर तो फरक चालत नाही. चवीची नोंदवही पालकांनीच भरावी. एका आईनं लिहिलं होतं, "आमटी पातळ." साहेबांना वहीतली बाकी सगळी "उत्तम" वाचून कंटाळा आला होता, त्या दोन शब्दांवर ते खूश झाले.

ग्रामपंचायतीच्या दारी

पंधराव्या वित्त आयोगाचा ग्रामीण स्थानिक संस्थांसाठीचा निधी २०२५-२६ पर्यंत महाराष्ट्रात ८० टक्के ग्रामपंचायतींकडे आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेकडे जात आला. त्यातला ६० टक्के बंधित असायचा, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. शाळेचं शौचालय, हात धुण्याची जागा, पाण्याची टाकी यांसाठी हाच दरवाजा. छप्पर किंवा कुंपण मागायचं असेल तर अबंधित भागातून मागायचं, आणि तिथे गल्लीचे पेव्हर ब्लॉक तुमच्या आधी रांगेत असतात.

गावाच्या आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. त्याआधी, सप्टेंबरमध्येच, समितीचा ठराव जोडून पत्र द्या. ग्रामसेवक भाऊसाहेबांना (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण हाक तीच) पत्र देताना आवक क्रमांक घ्या. मग ग्रामसभेला स्वतः जा, आणि एकटे जाऊ नका. शिक्षक बोलला की "गुरुजी, तुमचं नेहमीचंच" होतं. चार आया उभ्या राहून म्हणाल्या की पोरींना शौचालयाला दार नाही, की सरपंचांना विषय टाळता येत नाही. काम आराखड्यात चढलं का हे ई-ग्रामस्वराज या पोर्टलवर कुणालाही बघता येतं. चढलं नसेल तर डिसेंबरमध्ये पुन्हा जा. एप्रिलमध्ये गेलात तर "पुढच्या वर्षी बघू".

कंपन्या आणि लोकवर्गणी

पुण्याजवळ असण्याचा एक फायदा आहे. चाकण, रांजणगाव, जेजुरी, कुरकुंभ, हिंजवडी इथल्या मोठ्या कंपन्यांना कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यामुळे शाळेत माणसं येतात, फोटो काढतात, आणि बहुतेकदा आपल्याला नको ते देऊन जातात. वीज नसलेल्या शाळेला डिजिटल बोर्ड मिळालेले मी पाहिलेत. वर्गाच्या कोपऱ्यात, खोक्यात.

म्हणून आराखडा तयार ठेवा. कुणी "काय देऊ?" विचारलं की एका पानाची यादी पुढे करा, किमतीसह. आणि निर्लज्जपणे विचारा: पुढच्या तीन वर्षांची दुरुस्ती कोण करणार? पाणी शुद्ध करण्याचं यंत्र फुकट मिळतं, त्याचे फिल्टर फुकट मिळत नाहीत. वर्षाला फिल्टरला तीन हजार लागणार असतील तर ते आपल्या २५,००० मधून जाणार, म्हणजे खडू आणि तक्त्यांचा बराचसा पैसा गेला. अशी भेट नम्रपणे नाकारता येते.

गावाची वर्गणी ऐच्छिकच. मुलाच्या प्रवेशाशी, निकालाशी, दाखल्याशी तिचा दुरूनही संबंध येता कामा नये. रोख आली की त्याच दिवशी छापील पावती, आणि पहिल्या संधीला बँकेत. वस्तू आली तर दात्याच्या नावासह साठ्यात नोंद. मुंबईला माथाडीत काम करणारे गावकरी यात्रेला येतात तेव्हा हात सैल असतो; पावतीपुस्तक त्या दिवशी खिशात ठेवा.

वह्या, आणि मार्च

किमान एवढं दप्तर हवं: कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), खतावणी (बाबवार हिशेबाची वही), व्हाउचर फाइल, साठा नोंदवही, टिकाऊ वस्तूंचं डेडस्टॉक रजिस्टर आणि इतिवृत्त. कीर्द ज्या दिवशी व्यवहार त्याच दिवशी लिहा. व्हाउचरवर लाल शाईनं क्रमांक, तोच कीर्दीत, आणि ठरावाचा क्रमांक व्हाउचरच्या कोपऱ्यात. या तिन्हींचा दुवा जुळला की लेखापरीक्षकाला चहा विचारण्यापलीकडे काही करावं लागत नाही. खाडाखोड झाली तर व्हाइटनर लावू नका. एक रेघ मारा, वर बरोबर आकडा लिहा, सही करा.

खुर्ची, पंखा, कपाट आलं की डेडस्टॉकमध्ये नोंद आणि वस्तूवर रंगानं क्रमांक. मोडकी वस्तू फेकायची नाही. निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव पाठवून मंजुरी आली की लिलाव. आमच्या एका शाळेत कपाट उघडायला जागा नव्हती, कारण आत कधी काळचे मोडके रेडिओ होते आणि ते रजिस्टरवर "चालू" होते.

फेब्रुवारीत एकदा बसून ठरलेला आणि झालेला खर्च शेजारी शेजारी लिहा. उरलेलं काय, ते कुठल्या ठरावाखाली जाणार, दुकानदार कोण, दरपत्रकं आहेत का. मग मार्चमध्ये लिमिट आली की दोन दिवसांत काम होतं. ३१ मार्चला न वापरलेली लिमिट परत जाते. मात्र ती परत जाऊ नये म्हणून शंभर खराटे घेणाऱ्यातले आपण नसावं. एकदा हजार-बाराशे परत गेले तर जाऊ द्यावेत, माझं स्पष्ट मत आहे. उपयोगिता प्रमाणपत्रात खर्च आणि शिल्लक जशी आहे तशीच लिहा. काम पूर्ण नसताना पूर्ण झाल्याचं लिहून देऊ नका, कोणी कितीही "नंतर करून टाका" म्हटलं तरी.

छपराचं मात्र विसरू नका. पैसा मार्चमध्ये संपतो आणि पाऊस जूनमध्ये येतो. मार्चमध्ये कौलं घेऊन ठेवली आणि मजुरी दिली नाही तर मे महिन्यात गवंडी मिळत नाही, सगळे लग्नसराईत आणि घरांच्या कामांवर. काम मार्चमध्येच करून घ्या, उन्हात. पहिल्या वळवात गळती राहिली का हे कळतं आणि त्याच गवंड्याला हक्कानं बोलावता येतं.

आणि मे-जूनमध्ये तुमची बदली झाली, तर चार्ज देताना घाई करू नका. नव्या सरांना किंवा मॅडमना कोठीत नेऊन तांदूळ तोलून द्या, डेडस्टॉकमधली एकेक वस्तू हात लावून दाखवा, चेकबुकातले कोरे धनादेश मोजून द्या, पोर्टलचा मोबाईल क्रमांक त्यांच्यासमोर बदला. यादीच्या दोन प्रती, दोघांच्या सह्या, अध्यक्षांची तिसरी. एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी ठेवा, कौलं गळतात तिथून लांब.